तिसरं वाचन

सीताबाईंनी आवाज ओळखला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणाचा असता तर एक वेळ चाललं असतं. पण ब्रह्मा घाटावरच्या साऱ्या वैदिकांनी सभेच्या दिवाणखान्यात मिळून जे "तथास्तु" म्हटलं, त्यात सगळ्यांत वरचा, सगळ्यांत स्वच्छ आवाज त्यांच्याच नवऱ्याचा होता. शिवरामभट घनपाठी! अहो, याच गृहस्थांनी सकाळी संध्येच्या पाटावरून उठताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मी 'नाही' म्हणणार. तू काळजी करू नकोस."

आणि म्हणाले काय? तथास्तु!

बायका बसत त्या ओसरीत, चिकाच्या पडद्याआड, सीताबाई ताडकन उभ्या राहिल्या. शेजारच्या बकुळकाकूंनी पदर ओढून त्यांना खाली बसवलं. "सीते, गप बस. बायकांनी आवाज काढला तर ओसरी रिकामी करायची, असा नियम आहे मेला." नियम होता खरा. बायकांनी ऐकायचं, बघायचं, पण चकार शब्द काढायचा नाही.

सरकारने त्या साली कायदा केला होता की चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर दंड नाही तर कैद. एप्रिलपासून तो लागू व्हायचा होता आणि आता माघ चालू होता. तेवढ्यात उरकून घ्या म्हणून काशीत जिकडेतिकडे एवढ्या एवढ्याशा पोरी बोहल्यावर चढत होत्या. सनईवाल्यांना जेवायला फुरसत नव्हती. आणि ब्रह्मा घाटाच्या वैदिक सभेचे अध्यक्ष विश्वेश्वरभट यांनी या कायद्याला उत्तर म्हणून सभेत बिल आणलं. आठ वर्षांवरच्या प्रत्येक मुलीचं लग्न होळीच्या आत झालंच पाहिजे. जो बाप लावणार नाही, त्याला पंक्तीला पान नाही, पारायणाला आमंत्रण नाही आणि त्याच्या घरी कुणी भिक्षुक पाऊल टाकणार नाही. वैदिकाच्या घरात याचा अर्थ चूल बंद.

सीताबाईंची शरदिनी दहा वर्षांची होती. विश्वेश्वरभटांचा पुतण्या वेणीमाधव बत्तीस वर्षांचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, ओठ आठही प्रहर पानाने लाल. त्याची नजर शरदिनीवर होती. विश्वेश्वरभटांनी दोनदा मागणी घातली, दोनदा सीताबाईंनी "पोर लहान आहे" म्हणून टोलवली. आता बिल पास झालं की टोलवायला जागाच उरणार नव्हती. धर्मरक्षण म्हणे! पुतण्याचं लग्न जमेना म्हणून सगळ्या घाटाच्या पोरींचा गळा कापायचा आणि वर त्याला धर्म म्हणायचं.

पुन्हा यात गंमत अशी की सरकारचा कायदा मोडायला यांनी नियम घेतले ते सरकारचेच. सभेचे चिटणीस दिनानाथराव यांची अख्खी नोकरी कौन्सिलाच्या कचेरीत गेली, आधी अलाहाबादला, मग लखनौला. पेन्शन घेऊन परतले ते तिथली शिस्त डोक्यात घेऊनच. इथे येऊन बघतात तर सभेत सगळे एकदम बोलतात, जो जास्त ओरडेल त्याचं खरं. त्यांनी सभेला नियम घालून दिले. ठराव म्हणायचं नाही, बिल म्हणायचं. बोलताना अध्यक्षांकडे तोंड करून बोलायचं, एका मुद्द्यावर एकदाच बोलायचं. दुरुस्ती आली तर आधी दुरुस्तीवर मत. आणि प्रत्येक बिलाची तीन वाचनं, तीन निरनिराळ्या दिवशी. पहिल्यात नुसतं मांडायचं, दुसऱ्यात कलमवार चर्चा, तिसऱ्यात शेवटचं मत. तीन वाचनं म्हटल्यावर म्हातारे नीलकंठशास्त्री म्हणाले होते, "वाचायचं ते संहितेने की पदपाठाने, एवढं सांगा." वेद म्हणायच्या रीती त्या! दिनानाथरावांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

मत कसं घ्यायचं, तिथे खरी मेख होती. लखनौला अध्यक्ष विचारतात आणि सभासद हो किंवा नाही म्हणून ओरडतात, असं दिनानाथरावांनी सांगितलं. विश्वेश्वरभट हसले. "हो-नाही करायला ही काय भाजीबाजारातली घासाघीस आहे? आपण वैदिक. आपण आपल्या रीतीने विचारू." आणि पुण्याहवाचनात यजमानासाठी विचारतात तसं त्यांनी विचारायला सुरुवात केली. मजकूर सांगायचा आणि शेवटी सूर लावून म्हणायचं, "इति भवन्तो ब्रुवन्तु." आपण सर्वांनी म्हणावं.

झालं की हो! जन्मभर ज्यांनी हे शब्द ऐकल्याबरोबर तोंड उघडलंय, ती माणसं काय विचार करत बसणार? "ब्रुवन्तु" म्हटलं की "तथास्तु" बाहेर पडलंच. पहिल्या वाचनाला असंच झालं. दुसऱ्यालाही, आज, प्रत्येक कलमाला. आणि वर विश्वेश्वरभट दर वेळी मधासारख्या आवाजात पुसत होते, "कुणी 'नाही' म्हणणारा आहे का?" आशीर्वाद दिलेल्या तोंडाने लगेच नकार द्यायचा? वैदिकाच्या जातीला ते जमत नाही. सगळे मूग गिळून बसले. विश्वेश्वरभटांना हे पक्कं ठाऊक होतं. ती चूक नव्हती, तो डाव होता.

संकठा घाटाकडच्या गल्लीतून शिवरामभट पुढे आणि सीताबाई मागे, असे घरी आले. सीताबाईंनी घराची कडी लावली आणि मग तोंड सोडलं.

"तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

"अगं, मी म्हणणारच होतो..."

"काय म्हणणार होतात? काय? मला तर एकच ऐकू आलं. सगळ्या घाटाला ऐकू आलं. पलीकडच्या तीरावर रामनगरला ऐकू गेलं असेल!"

"ते 'भवन्तो ब्रुवन्तु' म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आठव्या वर्षापासून निघतंय, सीते. मी म्हटलंच नाही ते. तोंडाने म्हटलं."

"आणि तोंड कुणाचं? माझ्या बापाचं?"

शिवरामभट खांबाला टेकून बसले. मनाने वाईट माणूस नव्हता. मुलीवर जीव होता, तिला अमरकोश स्वतः शिकवला होता. पण विश्वेश्वरभटांसमोर गेला की शेपूट घालायचा, कारण वर्षाची निम्मी पारायणं त्यांच्या हातून मिळायची. हे सीताबाईंना माहीत होतं आणि म्हणूनच त्यांचा जास्त संताप होत होता.

"मग 'नाही' कोण म्हणतं, असं विचारलं तेव्हा तरी?"

"एकदा तथास्तु म्हटल्यावर? दिलेला आशीर्वाद फिरवू?"

"आशीर्वाद? दहा वर्षांच्या पोरीला त्या घोड्याच्या गळ्यात बांधायचं, हा आशीर्वाद?"

दारामागून शरदिनी बाहेर आली. ती घरात मराठी बोलायची, पण घाबरली की गल्लीतली हिंदी तोंडात यायची. "आई, हमको उनके घर नहीं जाना. उनके यहाँ बंदर बहुत आते हैं." सीताबाईंनी तिला जवळ ओढलं. पोरीला वाटत होतं, संकट काय ते माकडांचं आहे. त्यांना रडू फुटलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तडक दिनानाथरावांच्या घरी गेल्या. दिनानाथराव अंगणात ऊन खात बसले होते. सीताबाईंनी खुशाली विचारली नाही, आणि पाटावर बसल्यासुद्धा नाहीत.

"भावजी, तुमच्या त्या नियमांत आवाजाशिवाय मत देता येतं की नाही?"

दिनानाथरावांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत कुणी त्यांना नियम विचारला नव्हता. "येतं की! विभागणी मागायची. अध्यक्षांनी निकाल सांगण्याच्या आत सभासदाने नुसतं 'विभागणी' म्हणायचं. एकाने म्हटलं तरी पुरे. मग तोंडाच्या मताला किंमत नाही. सगळ्यांनी उठायचं. बिलाच्या बाजूचे उजव्या दाराने बाहेर, विरुद्धचे डाव्या. बाहेर पडताना डोकी मोजायची."

"आणि हे तुम्ही काल सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, वहिनी. मी चिटणीस. मला मतही नाही. नियम करणं माझं काम, वापरणं सभासदांचं."

"वा! काय पण काम! घाटावरच्या पोरी चालल्या होत्या सुळावर आणि तुम्ही 'कुणी विचारलं नाही' म्हणून गप्प बसलात? तुमच्या लखनौच्या कौन्सिलात असंच चालतं का हो, पोथी नीट आणि माणसं मेली तरी चालतील?"

दिनानाथराव गोरेमोरे झाले. मग हळूच म्हणाले, "डावं दार गल्लीकडचं आहे. ते तुमच्या ओसरीतून जातं. दुसरी वाट नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं."

सीताबाई थबकल्या. "म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्याला आम्हा बायकांमधून जावं लागणार?"

"हो."

"आणि 'हो' म्हणणारा आम्हाला दिसेल. पाठमोरा."

"दिसेल."

"पण मागायची मात्र सभासदाने. मला नाही मागता येणार."

"नाही वहिनी. तो नियमच आहे."

"असू दे. तुमचा नियम तुम्हाला लखलाभ," असं म्हणून त्या निघाल्या.

घरी आल्या त्या सरळ शिवरामभटांसमोर बसल्या. विद्यार्थ्यांना संथा देताना ते बसत तशाच, मांडी घालून, ताठ. "म्हणा. विभागणी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते नंतर. तुम्ही पोरांना अर्थ सांगून संथा देता का? म्हणा."

"विभागणी."

"पुन्हा."

चार वेळा म्हणवून घेतल्यावर त्यांनी विश्वेश्वरभटांचा सूर लावला. "इति भवन्तो ब्रुवन्तु."

"तथा..." शिवरामभटांचा आवाज गेलाच. सीताबाईंनी जमिनीवर हात आपटला. ते दचकले. "सीते, बायकांनी ते म्हणू नये."

"मग पुरुषांनी त्याचा असा उपयोग करू नये. लग्नाला चौदा वर्षं झाली, कानात बोळे घालून बसले नव्हते मी. पुन्हा. इति भवन्तो ब्रुवन्तु!"

"तथास्तु."

"शरदिनी जाणार बरं का त्या घरी! इति भवन्तो ब्रुवन्तु!"

तिसऱ्या वाचनापर्यंत रोज हेच. ते जेवायला बसले की, पाणी मागितलं की, पंचा धुवून आणला की, सीताबाई सूर लावायच्या. तथास्तु काही त्या माणसाच्या जिभेवरून हलेना. शेवटी शेवटी एवढंच झालं की तथास्तुच्या शेपटीला विभागणी चिकटली. "तथास्तु विभागणी," असं एका दमात बाहेर पडायला लागलं. सीताबाई म्हणाल्या, "चालेल. शेपटीने तरी हत्ती ओढा."

तिकडे पहाटे स्नानाला घाटावर उतरणाऱ्या बायकांना त्यांनी एकेकीला गाठून दोन दारांची गोष्ट सांगितली. बकुळकाकूंच्या तीन नाती आठ वर्षांच्या वर होत्या. त्या म्हणाल्या, "आमचे चिरंजीव बाळभट घरात म्हणतात, पोरींना एवढ्यात नाही द्यायचं. बाहेर गेले की तथास्तु. या वेळी बघते, कोणत्या दाराने येतात." बहुतेक घरांत हीच रड होती.

तिसऱ्या वाचनाच्या दिवशी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चा कसली व्हायची? विश्वेश्वरभटांनी बिल वाचलं, सरकारने धर्मात हात घातल्याचं दुःख केलं, वेणीमाधवाने मागून मान डोलावली. मग त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. "...मंजूरमस्तु, इति भवन्तो ब्रुवन्तु."

"तथास्तु!" दिवाणखाना घुमला. आणि तो घुमणं थांबायच्या आत, वरच्या त्याच स्वच्छ आवाजात, "विभागणी."

सगळ्यांच्या माना वळल्या. शिवरामभटांनाच आपण काय बोललो याचा धसका बसल्यासारखं झालं होतं. विश्वेश्वरभटांनी डोळे उघडले. "काय म्हणालात, शिवरामभट?"

शिवरामभटांनी उपरणं सावरलं. "विभागणी," पुन्हा म्हणाले.

"तुम्ही आत्ताच होकार दिलात. मग विभागणी कसली मागता? मी मागणी फेटाळतो."

दिनानाथराव उठून उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, फेटाळता येत नाही. मागणारा कोणत्या बाजूचा असावा, असाही नियम नाही. कुणीही मागितली की द्यावी लागते."

"तुम्ही मला नियम शिकवता?"

"मीच केलेत ते," दिनानाथराव म्हणाले.

विश्वेश्वरभटांचा चेहरा लालबुंद झाला. मग ते हसले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ठीक. चला, उठा सगळे. बिलाच्या बाजूचे माझ्याबरोबर गंगेकडच्या दाराने. आणि ज्याला बायकांच्या घोळक्यातून जायचं असेल, त्याने खुशाल जावं. बांगड्याही भराव्यात." आणि ते स्वतः उजव्या दाराकडे चालू लागले. वेणीमाधव त्यांच्या मागे.

सीताबाईंनी चिकाचा पडदा सरसर वर गुंडाळला. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही. नियमच होता ना, बोलायचं नाही! नुसत्या बघत राहिल्या.

पुरुष दिवाणखान्याच्या मधोमध खिळले होते. पहिले हलले नीलकंठशास्त्री. काठी टेकत डाव्या दाराशी आले आणि म्हणाले, "त्या दाराला पायऱ्या आहेत बाबा, मला उतरवत नाहीत." ते खरं होतं की थट्टा होती, कुणाला कळलं नाही. पण ते आले. मग बाळभट आले, बकुळकाकूंकडे न बघता, मान खाली घालून. मग एकामागून एक. जिभेला संथा होती, पायांना कुणी संथा दिली नव्हती. आठ-दहा जण आल्यावर बाकीच्यांची भीड चेपली आणि ओसरीत चेंगराचेंगरी झाली. बायका भिंतीला चिकटून वाट देत होत्या. बकुळकाकू तोंडात पदर धरून रडत होत्या.

सीताबाई एकेक चेहरा बघत होत्या. शिवरामभट अजून आले नव्हते. गर्दी पातळ झाली तेव्हा ते दिसले, मधोमध, एकटे, उपरण्याचं टोक मुठीत धरून. त्यांनी सीताबाईंकडे पाहिलं. सीताबाईंनी हात पुढे केला नाही एवढंच, बाकी सगळा जीव डोळ्यांत आणला होता.

शिवरामभट वळले आणि गंगेकडच्या दाराने बाहेर पडले.

बिल पडलं. चांगलं दणकून पडलं. दिनानाथरावांनी डोकी मोजून निकाल सांगितला. विश्वेश्वरभट परत आत आलेच नाहीत. बायकांनी सीताबाईंना गराडा घातला, कुणी हात धरला, कुणी "तुझ्यामुळे झालं गं" म्हणालं. सीताबाई सगळ्यांना "हो, हो" म्हणाल्या आणि घरी निघाल्या.

शिवरामभट आधीच येऊन बसले होते. चेहऱ्यावर थोडं समाधानही होतं, मेल्याच्या! "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं? मी तुम्हाला डोळ्यांनी पाहिलंय."

"तसं नव्हे, सीते. ऐक. मी विभागणी मागितली, सगळ्यांना वाट मोकळी करून दिली. मला ठाऊक होतं, बिल पडणार. पण माझ्या तोंडून तथास्तु गेलं होतं. तोंडाने एक म्हणायचं आणि पायाने दुसरं करायचं, हे मला जमेना. शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"तथास्तु तर सगळ्यांनीच म्हटलं होतं. बाळभटांनी म्हटलं, नीलकंठशास्त्र्यांनी म्हटलं. त्यांचे शब्द काय रद्दीतले होते? सरळ सांगा ना, आपण विश्वेश्वरभटांच्या मागून गेलो की चैत्रातलं पारायण टिकेल! बिल दुसऱ्यांनी पाडावं, पोर दुसऱ्यांनी वाचवावी, आणि तुमचं नाव मात्र दोन्हीकडे चांगलं राहावं. दुसऱ्या मुलींच्या बापांनी वाचवलं हो माझ्या मुलीला!"

शिवरामभटांनी उपरणं खुंटीला अडकवलं. खरं सांगायचं तर दोन्ही कारणं होती, आणि कोणतं मोठं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शरदिनी उंबऱ्यात उभी होती. गल्लीतल्या पोरींकडून सगळं ऐकून आली होती, दोन दारं, कोण कुठून गेलं ते. बापाजवळ येऊन तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कोणत्या दाराने गेलात?"

सीताबाई उत्तर देऊ शकल्या असत्या. दिलं नाही. "तुम्ही सांगा तिला," म्हणाल्या.

"मी... गंगेकडच्या," शिवरामभट म्हणाले. "अगं, पण त्याचा अर्थ तसा नाही. मी आधीच..."

"म्हणजे तुम्ही मला जा म्हणालात."

"नाही गं बाळे. नाही, नाही!"

सभेत जो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता तो आता तीनदा निघाला. पण शरदिनी तो ऐकायला थांबली नाही. तिने कोनाड्यातला अमरकोश काढला, आणून बापाच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली. संध्याकाळी त्याचा धडा घ्यायला ती आली नाही. शिवरामभटांनी दोनदा हाक मारली. सीताबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांनीही तिला "जा" म्हटलं नाही.